साठ पोरींचा सांधा

ऐनापुरे बाईंनी सोवळं नेसलं, म्हणजे अंगात चढवलं, आणि मैदानाच्या कडेला उभ्या राहून त्या पुढच्या पथकाची वाट बघू लागल्या.

सोवळं हे काही त्याचं खरं नाव नव्हे. स्पर्धेच्या नियमावलीत त्याला 'विलगन-वस्त्र' असं भारदस्त नाव होतं. तांब्याच्या बारीक तारांनी विणलेला, गुडघ्यापर्यंत येणारा तो करडा कोट. तो घातला की कुणाचीही लहर अंगाला शिवत नसे, आणि सांगलीच्या लोकांना तेवढं निमित्त पुरलं. पहिल्याच वर्षी मांडवातून कुणीतरी ओरडलं, "बाई सोवळ्यात हायत, लांब व्हा रे!" आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे तर पंचांच्या सूचनापत्रकातही 'सोवळ्याचे बटण सुरू असल्याची खात्री करावी' असं छापून येऊ लागलं.

बँड-संचलनाच्या स्पर्धेत पूर्वीपासून दोन तऱ्हेचे पंच. मांडवात खुर्च्यांवर बसून एकूण देखावा बघणारे ते बसते पंच, आणि चालत्या पथकाच्या रांगांत शिरून, ड्रम आणि बिगुलांमधून वाट काढत प्रत्येकीचा हात, पाय, श्वास जवळून बघणारा तो फिरता पंच. वासंती ऐनापुरे केस काळे होते तेव्हापासून फिरत्या पंच होत्या. फिरत्या पंचाचे नियम थोडेच, पण कडक. मैदानात बोलायचं नाही. एका जागी थांबायचं नाही. आणि पथकाच्या तालावर पाऊल टाकायचं नाही. यातला शेवटचा नियम सगळ्यात अवघड. सगळीकडून ढोल वाजत असताना मुद्दाम आडवं चालायचं म्हणजे वरातीत शिरून शोकसभेला निघाल्यासारखं. नवे पंच पहिल्याच फेरीत तालात सापडत आणि बाहेरची पोरं त्यांना शिट्ट्या मारत. बाई कधी सापडल्या नव्हत्या.

सांधा आला आणि बसत्या पंचांना वेगळं मोजायला काही उरलं नाही.

सांधा हेही लोकांनीच ठेवलेलं नाव. मूळ यंत्र 'सहस्पंदक'. मनगटाला आणि घोट्याला बांधायचे साधे रबरी पट्टे. पण त्यामागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. स्नायू हलण्याआधी मेंदूकडून त्याला विजेचा एक बारीकसा निरोप येतो. पट्टा तो निरोप वाचतो आणि दोन हातांच्या अंतरातल्या बाकीच्या पट्ट्यांना कळवतो. ते पट्टे आपापल्या मुलीच्या स्नायूला हलकीशी झिणझिणी देऊन सांगतात, 'आता!' शेजारणीनं तिच्या शेजारणीला, तिनं पुढचीला, असं करत डोळ्याचं पातं लवायच्या आत निरोप पथकभर पोचतो. एखादीचं पाऊल उशिरा पडणार असेल तर पडण्याआधीच बाकीच्या तिला सावरून घेतात. चूक होत नाही असं नाही. ती साठ जणींत वाटली जाते, आणि साठावा हिस्सा कुणाच्या डोळ्याला दिसणार?

निसर्गात ही गोष्ट नवी नाही. एकाच फळीवर दोन लंबकाची घड्याळं शेजारी टांगली तर काही वेळानं त्यांचे लंबक एका लयीत झुलू लागतात. गप्पा मारत निघालेल्या दोन मैत्रिणींची पावलं आपोआप जुळतात. सांध्यानं एवढंच केलं की जे हळूहळू आणि कधीमधी होत होतं, ते ताबडतोब आणि दर वेळी होऊ लागलं.

मग सगळीच पथकं निर्दोष झाली. बक्षीस द्यायचं कुणाला? त्यावर तोड म्हणून सोवळं निघालं. त्याच्या भोवती दोन हातांच्या वर्तुळात सांध्याच्या लहरी विझून जात. बाई ज्या चारपाच मुलींमधून जात त्या मुली तेवढ्यापुरत्या एकट्या पडत. खरं कुणाला काय येतं ते त्या क्षणांत दिसे, आणि त्यावरच गुण. पोरी मागून त्यांना 'लोडशेडिंग बाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

शिट्टी झाली. कृष्णाकाठ कन्या पथक मैदानात आलं. तालुक्याच्या स्पर्धेचा चषक तीन वर्षं ह्यांच्याकडेच होता, पण तिथं सोवळं नसे; इथं ते पहिल्यांदाच उतरत होतं. बाई पहिल्या रांगेत शिरल्या.

थोडंफार सगळ्याच पथकांचं बिघडतं. पण इथं जे झालं ते बाईंनी आजवर पाहिलं नव्हतं. त्या शेजारी आल्या की बिगुलवाल्या मुलीच्या फुंकीतून नुसती हवा येई. पुढची मुलगी हातातल्या काड्यांकडे अशी बघे, जणू कुणीतरी धरायला दिलेल्या. एक उंच मुलगी, नीलम तिचं नाव, झुलत ऐटीत चालत होती. बाई जवळ जाताच तिचा एक पाय आखूड पडला आणि ती लंगडू लागली. बाई पुढे सरकल्या की मागे पुन्हा सगळं सुरळीत. ह्या पोरींना येत काहीच नव्हतं. मग हे साठ जणींचं वाजतंय कुणाच्या जोरावर?

तिसऱ्या रांगेच्या मधोमध एक मुलगी साइड ड्रम वाजवत होती. सोळाएक वर्षांची, किडकिडीत, डोळ्यांखाली काळं. बाई तिच्या शेजारी पोचल्या आणि ड्रमचा आवाज बदलला. तो बिघडला नाही, सुधारला. आधी नुसता बरोबर होता, आता त्यात जीव आला. मुलीनं खांदे सोडले, लांब श्वास घेतला. तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

ओठ जेमतेम हलवत ती म्हणाली, "बाई, थांबा की जरा."

बाई थांबल्या नाहीत. नियम नियम होता. चार पावलं पुढे जाऊन त्यांनी मान वळवून पाहिलं. मुलीचे खांदे पुन्हा वर चढले होते आणि पाठ वाकली होती.

सांध्याचा शोध लावणाऱ्या डॉ. रेहाना मुजावर दर वर्षी स्पर्धेला येत. एके काळी रेहाना बाई शिकवत त्याच शाळेच्या बँडमध्ये होती. इतका बेसूर बिगुल फुंकायची की शेवटी स्वतःची सोय म्हणून तिनं सांधा शोधला, असं बाई चारचौघांत सांगत. दुपारी मांडवामागे चहा घेताना बाईंनी विषय काढला.

"रेहाना, चूक वाटली जाते म्हणतेस. सगळ्यांत सारखी वाटली जाते का?"

"गणितात तरी सारखीच जाते, बाई."

"आणि मैदानात?"

रेहानानं कप खाली ठेवला. "का? काय पाहिलंत?"

बाईंनी पाहिलेलं सांगितलं.

"असं बघा," रेहाना म्हणाली, "साठ जणी एकमेकींना ओढत असतात. जिची लय चटकन हलते ती दुसरीकडे झुकते. जिची हलतच नाही, तिच्याकडे सगळ्या झुकतात. मांडव घालताना दोर सगळ्या खांबांना सारखेच बांधतात. पण वारं सुटलं की ताण येतो तो सगळ्यात खोल गाडलेल्या खांबावर."

"म्हणजे सगळ्यांच्या चुका तिच्या डोक्यावर."

"चुका नाही, ओढ. दर पावलाला साठ बाजूंनी ओढ, आणि तिनं मात्र जागचं हलायचं नाही."

"आणि बाकीच्या?"

"त्यांना शिकायची गरजच पडत नाही. मुद्दाम कुणी टाळत नाही हो. टेकायला मिळालं की माणूस टेकतो."

"हे तुला माहीत होतं?"

"असं होऊ शकतं, हे माहीत होतं." रेहानाचा आवाज खाली गेला. "पण अशी माणसं आम्ही कधी शोधायला गेलो नाही. निकाल चांगले येत होते ना. आता इस्पितळात ऑपरेशन करणाऱ्यांना सांधा आहे, आग विझवणाऱ्यांना आहे, पुलांवर काम करणाऱ्या टोळ्यांना आहे. अपघात निम्म्यावर आले, बाई."

"तिथंही अशी एकेक असेलच की."

रेहानानं खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"बरं, ह्या मुलीला सांध्यातून बाजूला काढलं तर?"

"बाकीच्या थोडा वेळ गडबडतील. मग आपापल्या पायांवर उभ्या राहतील, असं मला वाटतं."

"वाटतं?"

"कुणी करून बघितलेलं नाही."

त्या मुलीचं नाव केतकी खोत. पथकाचा मुक्काम जवळच्या एका शाळेत होता. बाई संध्याकाळी तिथं गेल्या तेव्हा व्हरांड्यात पंगत बसली होती. केतकीच्या शेजारी तिची धाकटी बहीण जुई, अकरा वर्षांची, पथकात झांज वाजवणारी, आमटी-भात भुरकत होती. केतकी उजव्या हातानं जेवत होती. डावा हात मांडीवर ताल धरून होता. तिचं त्याकडे लक्षही नव्हतं.

"काय होतं गं तुला?" बाई तिच्याजवळ टेकत म्हणाल्या.

"काय न्हाई वो."

"मग मला थांबा का म्हणालीस?"

केतकीनं आजूबाजूला पाहिलं. "तुमी जवळ आला की लई हलकं वाटतंय, बाई. डोक्यावरचा भारा कुणीतरी उतरून घेतल्यागत. ह्याच्याबिगर वाजवायचं कसं असतंय ते मी इसरूनच गेलेली."

"रातचं झोपंत पाय चालत्यात हिचं," जुई तोंडात घास असतानाच म्हणाली. "मला लाथा बसत्यात."

"तू गप, जेव." केतकी ओशाळून हसली. मग हळूच म्हणाली, "माझं कुठलं आन् दुसरीचं कुठलं, तेच कळंना झालंय. परवा नीलमचा गुडघा सुजला हुता. तर लंगडले मी."

"पट्टे काढून ठेव की मग."

"मी न्हाई म्हटलं तर पथक वाजायचं कसं?"

तेवढ्यात बँडमास्तर मगदूम सर आले. बाईंना पाहून त्यांनी खुर्ची मागवली, चहा सांगितला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंचं काम सोपं झालं असतं. केतकीला उद्या विश्रांती द्या, असं बाई म्हणाल्या तेव्हा ते चकित झाले.

"अंतिम फेरीला? आवो, काय बोलताय बाई!"

"पोरगी पिचत चाललीय, सर."

मगदूम सरांनी व्हरांड्याच्या टोकाला बोट दाखवलं. नीलम भिंतीला टेकून बसली होती. पट्टे काढलेले, आखूड पाय पुढे पसरलेला. "तुमच्या-माझ्या वेळंला ह्या पोरीला आपण काय केलं असतं? गेटाबाहेर बसवलं असतं. आज ती ताठ मानंनं चालती, आन् तिची आई मैदानाच्या कडंला बसून बघती. एक बी पोरगी मी बाहेर बसवत न्हाई, बाई. सांध्यापायी. त्यो मोडू म्हणता?"

त्यांनी स्वतः अशा किती मुली बाहेर बसवल्या होत्या ते त्यांना ठाऊक होतं. पुढे बँडमधून काढलेली रेहाना त्यातलीच.

"तिनं आपल्या तोंडानं न्हाई म्हणावं," मगदूम सर म्हणाले, "मी आत्ता सुट्टी देतो."

दोघांनी केतकीकडे पाहिलं. केतकीनं ताटाकडे पाहिलं. "उद्याचं होऊ दे की, बाई," ती म्हणाली.

परतताना बाईंना संताप आला होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तक्रार करायची तर कशाची? 'मुलगी फार चांगली वाजवते' हा नियमावलीत दोष नव्हता. पण उद्या अंगात सोवळं असणार होतं, आणि केतकीच्या शेजारी थांबता येणार होतं. केतकीला दोन मिनिटं मोकळी करणं एवढंच आपल्या हातात आहे, आणि बाकीच्या पोरींनाही त्या दोन मिनिटांत स्वतःचे पाय सापडतील, असं त्यांनी मनाशी धरलं. थांबलेल्या पंचाला पुन्हा कुणी मैदानात घेत नाही. नाही तर नाही. पुरे झालं फिरणं.

अंतिम फेरी सकाळी होती; दोन्ही फेऱ्यांचे गुण शेवटी एकत्र धरत, म्हणून तीत सगळीच पथकं होती. कृष्णाकाठचं पथक शेवटी आलं. रचनेच्या मध्यावर सगळं पथक जागच्या जागी कदमताल करतं, पुढे न सरकता नुसते पाय उचलून टाकतं. बाई ह्याच वेळेची वाट पाहत होत्या. त्या तिसऱ्या रांगेत शिरल्या, केतकीच्या शेजारी आल्या आणि थांबल्या.

केतकीनं डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं. बाई हलल्या नाहीत.

आधी बिगुल गेले. मग एकेक ढोल अडखळला. पावलांचा एकच आवाज येत होता तिथं पत्र्यावर गारा पडाव्यात तसा खडखडाट सुरू झाला. नीलम तोल सावरायला शेजारणीला धरू लागली. मुली थबकल्या, एकमेकींकडे बघू लागल्या. मांडवातले पंच खुर्च्यांवरून उठले. कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

आणि त्या सगळ्या गोंधळात केतकीचा ड्रम एकटा वाजत होता. ती हसत होती. कुणी सांगितलेलं, कुणी ओढलेलं असं काहीच त्यात नव्हतं. ती मध्येच स्वतःच्या मनानं एक वळण घेई, स्वतःच खुश होऊन परत तालावर येई. ऐनापुरे बाईंना आयुष्यात इतकं भरून आलं नव्हतं. पंचाचा बिल्ला गेला खड्ड्यात, असं त्यांना वाटलं.

मग शेवटच्या रांगेतून झांज वाजली, अगदी नेमकी तालावर. पुन्हा वाजली. तिच्या शेजारची मुलगी सावरली. तिच्या पुढची सावरली. पाऊल पावलाला मिळू लागलं, ढोल आत आले, बिगुल आत आले. बघता बघता बाईंच्या भोवतीचं ते छोटं वर्तुळ सोडून सगळं मैदान पुन्हा एका आवाजात वाजू लागलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. रेहाना बरोबर म्हणाली, बाईंच्या मनात आलं. पोरी आपल्या पायांवर उभ्या राहिल्या.

केतकीच्या काड्या मात्र थांबल्या होत्या. ती वळून शेवटच्या रांगेकडे बघत होती.

"जुईवर गेलं," ती म्हणाली.

बाईंनी पाहिलं. शेवटच्या रांगेच्या मधोमध जुई उभी होती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते, तोंड उघडं राहिलं होतं, आणि हात मात्र कसलीही चूक न करता झांज वाजवत होते. ओढ नाहीशी झालीच नव्हती. एक पक्की जागा नाहीशी झाल्यावर तिनं त्याच पथकात दुसरी शोधली होती.

"तिला न्हाई झेपायचं बाई, ल्हान हाय ती," केतकी म्हणाली आणि मागे सरकू लागली.

बाईंनी तिची बाही धरली. मैदानात त्या पहिल्यांदाच बोलल्या, "थांब. मी जाते तिच्याजवळ."

"आन् मग तिसरीवर जाईल." केतकी रागावली नव्हती. समजावत होती. "सोडा, बाई."

दोन हातांच्या वर्तुळात साठ पोरी मावत नाहीत, हे बाईंना त्या क्षणी पुरतं कळलं. त्यांच्या बोटांतून बाही सुटली. केतकीनं वर्तुळाबाहेर पाऊल टाकलं. तिची पाठ वाकली, काड्या उचलल्या गेल्या, आणि पलीकडे शेवटच्या रांगेत जुईचे खांदे हळूहळू खाली आले. आपण कुठं आहोत हे शोधत असल्यासारखं तिनं इकडेतिकडे पाहिलं. मग ती मजेत वाजवू लागली.

बाई मैदानाबाहेर आल्या. एका पंचानं त्यांचा बिल्ला काढून घेतला. रेहाना दोरीपाशी उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं आणि तिचा चेहरा उतरला होता.

"तुझं ते ऑपरेशनवाल्यांचं," बाई सोवळ्याची बटणं काढत म्हणाल्या, "तिथं मधून कोण फिरतं?"

"तिथं कुणी फिरत नाही, बाई," रेहाना म्हणाली.

मैदानात पथक शेवटची सलामी देत होतं. साठ हात एकदम वर गेले. बसत्या पंचांपैकी एकानं वाकून विचारलं की नियम मोडलात ते राहू द्या, पण तुम्ही जवळून पाहिलंत, तर ते पथक पुन्हा जुळल्यानंतर किती चुका मोजायच्या?

ऐनापुरे बाईंनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"एकही नाही," त्या म्हणाल्या.